कोपरा न फाटलेला कागद

मी, या कागदाच्या शेवटी अंगठा उठवणारी बाई, वय एक्याऐंशी (दोन वर्षं इकडेतिकडे, माझी जन्मनोंद करायला निघालेले काका वाटेत पत्ते कुटत बसले), पूर्वीचा धंदा भिंतींवरचे कागद खरवडणं, हल्लीचा खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणं, असं जाहीर करते की माझी बुद्धी आज ठिकाणावर आहे. सकाळी डॉक्टर येऊन ती तपासून गेले. वार विचारला, तो बरोबर सांगितला. राजाचं नाव विचारलं, तर म्हटलं, "कुठल्या? माझ्याकडे एक्केचाळीस आहेत." त्यांनी दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

हे मृत्युपत्र मी कुणाच्या दडपणाखाली करत नाही. दडपण घेऊन थोरला मुलगा काल आला होता. ते त्याच्याकडेच परत देऊन मी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. याआधी मी केलेलं मृत्युपत्र असल्यास ते रद्द. केलेलं नाही, पण नात म्हणते हे वाक्य लागतंच.

लिहिणारी ही माझी नात. वकिलाच्या कचेरीत दिवसभर परक्यांची मृत्युपत्रं टाइप करते. मला स्वतःला अक्षर येत नाही, म्हणून तिला दोन अटी घातल्या आहेत. एक, मी बोलेन ते सगळं उतरवायचं. गाळलेलं मला दिसणार नाही, तेव्हा गाळायचंच नाही. दोन, प्रत्येक कलमाशेजारी समासात लहानसं चित्र काढायचं, म्हणजे उद्या कुणी हा कागद माझ्यासमोर नाचवला तर बोट कुठे ठेवायचं ते मला कळेल.

"आजी, कोर्टात हसतील," ती म्हणाली.

"बरंच आहे की. तिथे कोण हसतंय एरवी?"

आता खरं सांगते. या कागदात महत्त्वाचं कलम पाचवं. चार वाजता दोन साक्षीदार येतील: तळमजल्यावरच्या शिंपीणबाई आणि समोरच्या गल्लीतले लेबलवाले. त्यांच्यासमोर हा सगळा कागद मोठ्याने वाचायचा आहे. पाचव्या कलमात लेबलवाल्यांना सांगायची एक गोष्ट आहे. ती मी एकावन्न वर्षं पोटात ठेवली. आत्ता दीड वाजला आहे. पहिली चार कलमं धीर गोळा करायला.

कलम १. (समासात चित्र: दार)

या वरच्या मजल्याच्या दोन खोल्या, नळ, गच्चीचा अर्धा हक्क आणि जिन्याची तिसरी, कुरकुरणारी पायरी ही सगळी मिळकत माझ्या नातीला, म्हणजे हा बाकीचा कागद जी लिहिते आहे तिलाच. पायरी दुरुस्त करायची नाही. कोण वर येतंय ते तिच्यामुळे आधी कळतं.

हे कलम लिहायला नातीने नकार दिला. म्हणाली, "स्वतःच्या हाताने स्वतःला घर लिहून घेतलं असं होईल, काका मला सोडणार नाहीत." मग खिडकीतून शिंपीणबाईंना हाक मारली. या कलमाचं अक्षर म्हणूनच तिरकं आहे आणि त्यावर खडूची बोटं उमटली आहेत. ती पुसू नयेत, तोही पुरावा आहे.

कलम २. (समासात चित्र: गादी)

गादी कुणालाच नको. ती आधी उसवावी, आत बघावं, मग टाकावी. आमचे हे अकरा वर्षं या गादीवर झोपले आणि सकाळी उठून म्हणायचे, "पाठीखाली काहीतरी कुरकुर वाजतं." मी म्हणायचे, "हाडं वाजत असतील." राजेसाहेब, राणीसाहेब, युवराज असा सगळा छापील दरबार त्यांच्या पाठीखाली होता. त्यांना कळलं तेव्हा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "तो कबुतरवाला परत दाखव."

भांडीकुंडी दोन्ही सुनांनी वाटून घ्यावी, आणि घेताना भांडावं. नाहीतर कुणाला काही नकोच होतं असं दिसेल. बँकेतलं असेल ते दोन्ही मुलांना सारखं.

कलम ३. (समासात चित्र: उलथनं)

माझं कामाचं उलथनं नातीला. पालिकेने दिलेली पत्र्याची पट्टी भिंत ओरबाडायची, म्हणून मी घरचं उलथनं फरशीवर घासून पातीइतकं पातळ केलं होतं. त्याने कांदा परतू नये, तो तुटतो.

ही नोकरी मला कशी मिळाली ते लिही. मुकादमाने माझ्यासमोर वर्तमानपत्र उलटं धरलं. मी आपली राणीसाहेबांच्या उलट्या तोंडाकडे बघत बसले.

"वाचता येतं?"

"नाही."

"एकही अक्षर नाही?"

"शपथेवर."

"उत्तम. उद्या सकाळी सहाला ये."

तेव्हा राजघराण्याची टर उडवणारे कागद रोज कुठल्या ना कुठल्या भिंतीवर चिकटलेले असायचे. ती निंदा खरवडणाऱ्या बाईच्या डोक्यात शिरू नये म्हणून ती अक्षरशत्रूच हवी, असा पालिकेचा नियम. आम्ही चौदा जणी होतो आणि चौदाही अंगठेबहाद्दर. चित्र बघता येतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आणि चित्रं काय होती! बिल्ल्यांनी लगडलेला राजेसाहेबांचा कोट खुंटीला, आत कोणीच नाही, आणि समोर दरबार कमरेत वाकलेला. राणीसाहेबांच्या मुकुटात कबुतराने अंडी घातली आहेत, मान अवघडली आहे, पण हलायची सोय नाही. राजवाड्याचा कुत्रा हुकमांवर पंजा उमटवतो आहे, आमच्यातलाच तो. नातीने पुढे मला त्यांच्याखालची अक्षरं वाचून दाखवली. मी मनात लावली होती ती जास्त चांगली होती.

काढलेला कागद डेपोत वजन करून जमा करायचा, मग तो भट्टीत जायचा. मी वजन साबणाच्या आणि सर्कशीच्या जाहिरातींनी भरायचे. चांगला कागद पोटाला गुंडाळायचा, वरून कामाचा डगला. मुकादमाने मला दोनदा विचारलं, "कितवा?"

कलम ४. (समासात चित्र: हातमोजा)

थोरल्या मुलाला, त्याच्या बँकेतल्या वाट्याखेरीज, एक पांढरा हातमोजा. डाव्या हाताचा. कपाटाच्या वरच्या फळीवर आहे.

तो कुठून आला ते असं. गेल्या महिन्यात थोरला एका साहेबांना घेऊन आला, राजवाड्याच्या संग्रहालयातल्या. साहेबांनी हातमोजे चढवले आणि माझे कागद एकेक करून बघितले. चोखंदळ बाई साडी बघते तसे, उलटून, उजेडात धरून. मग म्हणाले, "आजीबाई, आताचे राजेसाहेब मोकळ्या मनाचे आहेत. हे सगळं लांबच्या दालनात लावू, लोक बघतील. राजेसाहेबही हसतील."

"पन्नास वर्षांनी?" मी म्हटलं. "इतका उशिरा समजतो त्यांना विनोद?"

थोरला मला डोळ्यांनी दटावत होता. "आई, मी हो म्हटलंय त्यांना."

"तू? तुझ्या पोटाला गुंडाळून आणलेस का?"

यावर साहेब हसले. भले गृहस्थ, हसतानाही कागद सरळच धरला होता. म्हणाले, "आमच्याकडे सध्या एकच आहे. कोर्टाच्या जुन्या फायलीतून आला. राणीसाहेब वजनकाट्यावर उभ्या आहेत तो. पण काय सांगू, एकही कोपरा फाटलेला नाही. ज्याने तो भिंतीवरून काढला त्याचा हात सोन्याचा असणार."

मी चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले ती बाहेर आलेच नाही. साहेब वाट बघून गेले आणि एक हातमोजा विसरले.

त्या दिवसापासून मला बूड टेकवत नाही. कागद गादीतून कपाटामागे हलवले, कपाटामागून पिंपात, पिंपातून परत गादीत. रोज हलवते. रोज मोजते. एक्केचाळीस होते, हल्ली एकोणचाळीस भरतात. दोन मी कुठेतरी इतके नीट लपवले आहेत की मलाच सापडत नाहीत. सापडले तर तेही या मृत्युपत्रात धरावेत.

थोरल्या, तुझ्यावर राग नाही. दुकानात पडदे विकून विकून तुला वाटतं, भिंतीवरची प्रत्येक गोष्ट कुणाच्यातरी घरी शोभण्यासाठीच असते. यातले कागद शोभण्यासाठी नव्हते. ज्यांच्या नाकाला झोंबावेत म्हणून एका माणसाने ते छापले, त्यांच्याच दिवाणखान्यात ते मी टांगू देणार नाही. राजवाड्याला काही नाही. त्यांच्याकडे एक आहे, तो पुरे. तो तिथे कसा पोचला ते आता.

कलम ५. (समासात चित्र: खळीचं वाडगं आणि ब्रश)

(आजी हे कलम सांगताना तीनदा उठल्या, एकदा गच्चीवर जाऊन आल्या. गाळायचं नाही म्हणून लिहिलं. नात.)

लिही. कामाचा माझा दुसरा महिना. सकाळचे सव्वासहा. समोरच्या गल्लीत नळाशेजारच्या भिंतीवर एक कागद. राणीसाहेब वजनकाट्यावर उभ्या आहेत, निळा झगा, आणि खाली सगळं गाव गुडघ्यांवर बसून काट्याची सुई मागे ढकलतंय, म्हणजे वजन कमी दिसावं. एक म्हातारा तर दातांनी ओढतोय. मी शिडीवर इतकी हसले की बादली पडली. पाणी गेलं. पण पाणी लागलंच नाही. वरचा एक कोपरा दुमडलेला होता, तो बोटाने सरळ केला, उलथन्याचं टोक घातलं आणि अख्खा कागद दुधावरच्या सायीसारखा सुटून हातात आला.

माहेरी नाही, सासरी नाही, माझ्या हाताला तोवर कुणी बरं म्हटलं नव्हतं. तो कागद मी दोन्ही हातांवर आडवा धरून डेपोत नेला. "मुकादम, बघा तरी. एक कोपरा फाटलाय का?"

मुकादमाने कोपरा बघितला नाही. मागच्या बाजूने बोट फिरवलं, अंगठ्यावर घासलं. "ओली आहे," म्हणाला. "कुठून काढलास?"

आणि मी सांगितलं. मला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. शाबासकी मिळेल म्हणून सांगितलं. गल्ली, भिंत, नळ, सगळं.

खळ ओली म्हणजे लावणारा अर्ध्या तासाच्या आतला, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. रोज हात त्यातच होते. फक्त त्या वेळी माझ्या डोक्यात कोपरे होते. त्या गल्लीत इतक्या सकाळी दोनच दुकानं उघडायची, चावीवाल्यांचं आणि लेबलवाल्यांचं. लेबलवाल्यांच्या नखांत साबणाच्या लेबलांची निळी शाई होती. राणीसाहेबांचा झगा त्याच निळ्याचा. बाराच्या आत त्यांना घेऊन गेले. तीन वर्षं.

ते सुटून आले, चार महिने गेले, आणि भिंतीवर पुन्हा कागद दिसला. शाई बदलली होती, हात तोच. त्या माणसाने चित्रातल्या राजाच्या बोटांना कधी नखं काढली नाहीत. तेव्हापासून मी त्यांची गल्ली सगळ्यात शेवटी घ्यायला लागले, म्हणजे दुपारपर्यंत लोकांना बघता यावं आणि खळ खडखडीत वाळावी. ओला कागद मी पुन्हा कधी काढला नाही. वाळलेले एक्केचाळीस काढले, आणि त्यांतला एकही डेपोत गेला नाही. मधे खळ पातळ होत गेली, कागद पाण्याच्या एका हाताने सुटायचे. मला वाटलं, पीठ महाग झालं असेल.

आमचं बोलणं म्हणाल तर माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकदा, नळावर. ते म्हणाले, "बाई, भिंत फार स्वच्छ ठेवता." मी म्हटलं, "पगार घेते."

तेव्हा माझ्या ताब्यातले सर्व एक्केचाळीस छापील कागद मी लेबलवाल्यांना देते. नात विचारते, कायद्याने ते कुणाचे, भिंतवाल्याचे, पालिकेचे की चिकटवणाऱ्याचे? लिही: ज्याने तीन वर्षं भरली त्याचे. आणि ती नात आत्ता पेन खाली ठेवून म्हणते, "आजी, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. झाला तर त्याचं देणं बुडतं. त्यांना साक्षीला कशाला बोलावलंस?"

कशाला बोलावलं? एरवी ते माझ्या घरी कशाला येतील? असू दे. दोन्हींतलं काय घ्यायचं ते त्यांना ठरवू दे.

पावणेचार झाले. तिसरी पायरी वाजली.

पुरवणी. (वाचनानंतर, पाच वाजून दहा मिनिटांनी सांगितलेली. समासात चित्र: खुर्ची)

कागद वाचला गेला. नातीने पाचवं कलम एका दमात, मान वर न करता वाचलं. शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून मुठीत धरल्या.

लेबलवाले उठले. दारापर्यंत गेले. एक बूट पायात घातला, दुसरा हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. मग भिंतीकडे तोंड करून बोलले, "मी चावीवाल्याला धरून होतो. दुसरं दार त्याचंच उघडं होतं ना. मला वाटलं, त्यानेच सांगितलं. दुकानं समोरासमोर, आणि तीस वर्षं मी त्याला साधं 'काय' म्हटलं नाही. तो गेला तेव्हा मी शटर ओढून आत बसलो."

"मला शिव्या द्या," मी म्हटलं.

"शिव्यांनी काय होतंय? त्याची मुलगी चालवते आता दुकान. मी कुलूपसुद्धा पलीकडच्या बाजारातून आणतो. आणि बाई," इथे ते वळले आणि आवाज चढला, "मी खळ पातळ करत होतो ती कुणासाठी? पीठ महाग झालं होतं म्हणून? भिंतीवर एक चिंधी उरत नव्हती. मला कळत होतं कुणीतरी जपून नेतंय. मी घरी म्हणायचो, एक माणूस आहे या गावात."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. 

त्यांनी हातातला बूट उलटा करून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "वजनकाट्याचा तो. वरचा डावा कोपरा माझ्याकडून घाईत दुमडला गेला होता."

"मी तो सरळ केला. ओल्या बोटाने."

"फाटला नाही?"

"नाही."

ते आले आणि खुर्चीत बसले. एक बूट पायात, एक मांडीवर. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मी म्हणवून घेतलं नाही.

नातीने घाबरत घाबरत विचारलं, "आजोबा, कागद घेणार की सही करणार? दोन्ही नाही करता येत."

"पोरी, मी आयुष्यभर ज्या गोष्टी छापल्या, त्यांतल्या एकीवरही सही करता आली नाही," ते म्हणाले. "पेन आण."

सबब कलम ५ मधलं देणं रद्द, आणि त्याच्या जागी हे.

एक: राजेसाहेब स्वतःच्याच तिजोरीत कोंडले गेले आहेत आणि किल्ली बाहेर कुलपाला लटकते आहे, हा कागद चावीवाल्यांच्या मुलीला. माझ्या मरणाची वाट बघायची नाही. लेबलवाल्यांनी तो आजच, तिचं दुकान बंद व्हायच्या आत, स्वतः नेऊन द्यायचा, आणि सांगायचं की तुझ्या वडिलांनी काही केलं नव्हतं, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने केलं होतं. तिने वर येऊन मला बोल लावले तर मी घरीच आहे.

दोन: उरलेले चाळीस, हरवलेले दोन धरून, डेपोतल्या खरवडणाऱ्या बायांच्या बसायच्या खोलीत. स्टुलावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर येतील इतक्या उंचीवर लावावेत, त्याहून वर नाही. आता तिथल्या मुलींना वाचता येतं, येऊ दे. पालिका नको म्हणाली तर नळाशेजारच्या भिंतीवर लावावेत. सकाळी. पातळ खळीने.

हे सगळं पार पाडायची जबाबदारी नातीवर. थोरला अडवायला आला तर त्याला हातमोजा द्यावा.

हा कागद मला दोनदा वाचून दाखवला, एकदा नातीने, एकदा शिंपीणबाईंनी. दोघींचं जुळलं. समासातली सहाही चित्रं मी बोटाने ओळखली. उलथन्याचं चित्र चमच्यासारखं आलं आहे, पण ते उलथनंच समजावं.

ठिकाण: खिडकीची खोली, वरचा मजला.
दिनांक: महिन्याची नऊ तारीख, शनिवार, संध्याकाळी साडेपाच.

मृत्युपत्र करणारी: डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार पहिल्या: सही, शिंपीणबाई, तळमजला.

साक्षीदार दुसरे: सही, लेबल छापणारे, समोरची गल्ली. (सही पूर्ण नावाने आणि मोठ्या अक्षरांत आहे. जागा पुरली नाही म्हणून ती समासात जाऊन खुर्चीच्या चित्रापर्यंत पोचली आहे. तशीच ठेवावी.)

लिहिणारी: नात.

आजींनी शेवटी घालायला सांगितलेली सूचना: अंगठ्याची आणि सहीची शाई अजून ओली आहे. वाळेपर्यंत हा कागद कुणाच्या हातात देऊ नये.